डाव्या सीटचं वजन

भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतो, हे मला एव्हाना पाठ झालं होतं. लग्न झालंय का, मटण-मच्छी खाता का, मित्र राहायला येतात का, गाव कुठलं. डोंबिवलीत खाडीच्या बाजूला असलेल्या त्या चार मजली इमारतीच्या मालकांनी यातलं काहीएक विचारलं नाही. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, दोन्ही खांद्यांवर हात ठेवून मला खाली दाबून बघितलं आणि म्हणाले, "वजन किती?"

मी चाचरत आकडा सांगितला.

"उपाशी पोटी का जेवून?"

"जेवून."

"मंग बेस. सामान कवा आनतंस?"

जिना उतरताना एजंट माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लक आहे साहेब तुमचं. गेल्या महिन्यात एका बँकवाल्याला बारीक म्हणून परत पाठवला शेठनी. त्याच्या आधी एक फॅमिली आलेली, तर नवरा जाड निघाला." मी तेव्हा ठाण्याला, खोपटजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होतो. लोकांना वजन-उंची विचारायचं काम माझं. कुणी माझं वजन विचारावं आणि त्यावर मला घर मिळावं, हा अनुभव नवा होता. पण भाडं वाजवी होतं आणि खिडकीतून खाडीचा वारा येत होता, म्हणून मी फार खोलात न शिरता राहायला गेलो.

कारण कळायला पहिला रविवार उजाडावा लागला. सकाळी सकाळी दारावर थाप. दार उघडलं तर घरमालक. अंगात बनियन, कमरेला टॉवेल, हातात कानस.

"चल रं लॅबवाल्या. गारीत बसाचा हाय."

हे लोक इथले मूळचे. खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवला, मिठागरं राखली, मग शहर वाढत वाढत अंगणात आलं आणि शेताची इमारत झाली. त्यांच्या बोलीत गाडीची 'गारी' होते आणि हळदीची 'हलद'. माझ्या कानाला जशी उमटली तशी ती इथे लिहितो आहे. चुकलं तर घरमालकांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, भाचरांनी हसून सोडून द्यावं.

तर गाडी. खाली पार्किंगमध्ये घरातल्या सगळ्यांची म्हणून एक मोठी पांढरी गाडी होती, तिच्याकडे घरमालक ढुंकूनही बघत नसत. तिच्या पुढे, फाटकाच्या अगदी तोंडाशी, जुन्या चादरीखाली ही होती. लाल, बसकी, दोन दारांची, दोन माणसांची, वर छप्पर नाही. अंग फायबरचं. डिकीत एक नारळ आणि एक टॉवेल मावायचा. आता असल्या गाड्या रस्त्यावर दिसत नाहीत. जमिनीचा पहिला तुकडा विकला गेला तेव्हा भावांनी बंगले बांधले, ट्रक घेतले. ह्यांनी ही आणली. "भावांना ट्रकमदी काय दिसला ता त्यांना म्हाईत," ते म्हणायचे, "मना हिच्यात माजा लग्न दिसला."

आणि लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला माहेरी नेताना गाडीनं त्यांना तोंडघशी पाडलं. काकींचं माहेर मोहन्याच्या पुढे, टिटवाळ्याच्या रस्त्यावर. तेव्हा तो रस्ता निम्मा चिखलाचा होता. गाडीची चाकं बारीक. एका वळणावर गाडी अशी घसरली की गिरकी घेऊन कल्याणकडे तोंड करून उभी राहिली. काकी खाली उतरल्या, शालू सावरला, समोरून आलेली रिक्षा थांबवली आणि एवढंच म्हणाल्या, "ही जमिनीला धरत नाय. धरंल तवा बसंन." आणि गेल्या.

काकींचं बोलणं एकूणच मोजकं. वाक्याला चार शब्द लागत असतील तर त्या तीनच वापरायच्या. त्यामुळे त्या एवढं बोलल्या म्हणजे ते दगडावर कोरल्यासारखं झालं. काकांनीही (मी त्यांना काका म्हणू लागलो होतो) ते तसंच घेतलं. जमिनीला धरत नाही? मग धरायला लावतो. त्यांनी बारीक चाकं काढून रुंद चाकं बसवली. गाडी घोरपडीसारखी रस्त्याला चिकटली. काकींना बोलावलं, त्या बसल्या, गाडी हलली, आणि फाटकाच्या उंचवट्यावर मागच्या डाव्या चाकातून असा काही कर्रर्र आवाज आला की गल्लीतली कुत्री उठली. चाक वर फेंडरला, म्हणजे चाकावरच्या कमानीला, घासत होतं. काकी तिथल्या तिथे उतरल्या. "आता रडाय लागली," म्हणाल्या आणि जिना चढून वर गेल्या.

त्यानंतर इतकी वर्षं गेली, पोरं मोठी होऊन लग्नं करून पुण्याला आणि परदेशाला गेली, पण काकी काही त्या गाडीत बसल्या नाहीत. त्यांनी अबोला धरला नाही की कधी टोमणा मारला नाही. माहेरी जायचं झालं तर रिक्षा करायच्या नाहीतर पांढऱ्या गाडीतून ड्रायव्हर घेऊन जायच्या. काका एकटे बसले की गाडी कशी लोण्यासारखी चालायची. डाव्या सीटवर माणूस बसला, गाडी त्या अंगाला दबली, की घासायचं. बायकोसाठी म्हणून रुंद चाकं घातली आणि त्या चाकांनीच बायकोला उतरवलं, हे त्यांच्या मनाला इतकं लागलं होतं की दुसरं काही त्यांना सुचतच नसे. तिला शेजारी बसवून माहेरच्या दारात उतरवायचं, एवढा एकच त्यांचा आयुष्याचा बेत उरला होता.

आता माझं काम काय, तर मी काकींच्या वजनाचा होतो.

बायकोला वजन विचारायची काकांची छाती नव्हती. त्यांनी ते दिवाणखान्यातल्या झोपाळ्यावरून काढलं होतं. काकी बसल्या की कड्या कशा कुरकुरतात ते त्यांच्या कानात पक्कं होतं. मला एकदा चहाला बोलावून त्यांनी झोपाळ्यावर बसवलं, डोळे मिटून ऐकलं आणि समाधानानं मान हलवली. काकी चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांना यातलं किती कळत होतं कोण जाणे, पण कप माझ्या हातात देताना त्यांच्या ओठांची एक कड जरा हलली.

"एवढ्यासाठी माणूस कशाला? तांदळाचं पोतं ठेवा ना सीटवर," मी एकदा वैतागून म्हटलं. रविवारी झोपेतून उठून वजन म्हणून बसायला कुणाला आवडेल?

"ठेवला की पोता," ते म्हणाले. "पोता घाबरत नाय रं. वलन आला का मानूस घाबरून दाराला चिकटतं. सगला भार एका अंगाला. तवा घासतं. पोता आपला मधीच बसून रायतं, त्याला काय जीव हाय?"

म्हणजे मी नुसतं बसून भागत नव्हतं, घाबरायलाही हवं होतं. पहिले काही रविवार ते आपोआप जमलं, कारण काका खाडीकडच्या वळणावर गाडी अशी घालायचे की मी दारालाच काय, दाराबाहेरच्या हवेलाही चिकटलो असतो. पुढे सवय झाली तर म्हणाले, "तू आता मुर्दाड झालास. जरा घाबर ना."

त्यांचं सगळं मोजमाप बोटांचं. चाक आणि फेंडर यांच्यामध्ये दोन बोटं आडवी गेली पाहिजेत, हा त्यांचा कायदा. टेप होती, पण ती त्यांना पटत नसे. हळूहळू हा कायदा गाडीतून उतरून सगळीकडे पसरला. नवरा-बायकोत दोन बोटं मोकळी हवीत. भावाभावांच्या भिंतीत दोन बोटं. शेजारच्या प्लॉटवरच्या नव्या बिल्डिंगवाल्यानं कंपाउंड अगदी खेटून घातलं तेव्हा ते भांडले नाहीत, नुसते गेले आणि फटीत बोटं घालून दाखवली. जात नव्हती. बिल्डिंगवाल्याला काय कळलं कोण जाणे, पण तो घाबरून एक वीट मागे सरला.

एकदा त्यांच्याबरोबर कल्याणला एका रिसेप्शनला गेलो होतो. हॉलबाहेर नवरा-नवरीची फुलांनी मढवलेली गाडी उभी. काका सरळ तिच्याकडे गेले, खाली वाकले आणि चारही चाकांच्या वर बोटं घालून बघत गाडीला एक प्रदक्षिणा घातली. नवरीकडच्या दोन म्हाताऱ्यांना वाटलं काही रीत असेल. त्यांनीही मागोमाग चाकांना हात लावून नमस्कार केला.

उपाय त्यांनी कमी केले नाहीत. रुंद चाक आत सरकवलं की ते आतल्या स्प्रिंगला लागायचं. म्हणून चाकामागे चकती घालून बाहेर काढलं, की फेंडरच्या कडेला लागायचं. इकडे आड, तिकडे विहीर. लोखंडी गाडी असती तर फेंडरची आतली कड हातोडीनं वाकवून वर दाबली असती आणि विषय संपला असता. "लोखंडाला वाकवता येतं," ते म्हणायचे, "फायबरला समजवावा लागतं." ते समजावणं म्हणजे कानस आणि पॉलिश पेपर. रोज संध्याकाळी ती कड थोडी थोडी घासत बसायचे. चाक फेंडरला घासू नये म्हणून माणसानं फेंडर घासत बसायचं, असा तो सगळा मामला. जास्त घासलं तर कड पातळ होऊन तडकणार, म्हणून जपून. बाजूला ट्रान्झिस्टर, त्यावर कीर्तन नाहीतर क्रिकेट, जे लागेल ते.

कल्याणच्या पत्रीपुलाजवळ एका टायरवाल्याकडे त्यांनी मला एकदा नेलं. टायरवाल्यानं वाकून बघितलं, उठला, हात पुसले आणि म्हणाला, "शेठ, एक साइज बारीक टाका. झंझट खतम. आता रोड पण चांगला आहे, चिखल कुठे राहिलाय?"

काका गाडीत येऊन बसले. पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा म्हणाले, "बरोबर बोलतं तो. पन ती रुंदच बघून बसली पायजे. बारीक लावली, नि परत कवातरी घसरली तं?" मला वाटतं, त्या दिवशी मी पहिल्यांदा रविवारची कुरकुर मनातल्या मनातही थांबवली.

थांबवली म्हणजे किती, तर मला कावीळ होईपर्यंत. तीन आठवडे मी अंथरुणावर होतो. काकी रोज मऊ भात आणि ताक पाठवायच्या, डॉक्टरकडे काका स्वतः पांढऱ्या गाडीतून न्यायचे, रात्री-अपरात्री दार वाजवून जिवंत आहे का बघून जायचे. गावाहून आई आली तर तिला म्हणाले, "बाय, तुजा पोरगा माजा समज." आई डोळे पुसत होती. मी उठून बसायला लागलो तेव्हा काका पलंगाशी आले, माझा दंड दोन बोटांत धरून बघितला आणि त्यांचा चेहरा पडला.

"बरा झालास ता ठीक," ते म्हणाले. "पन वजन कुठं गेला?"

पथ्य संपलं त्या दिवसापासून चिंबोऱ्यांचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, अंडी यांचा जो मारा सुरू झाला तो माझ्या पँटचं बटण लागेनासं होईपर्यंत. मग म्हणाले, "बस. आता जास्त झाला."

कुठे घासतं ते शोधायची त्यांची पद्धत अशी की फेंडरच्या आतल्या बाजूला काहीतरी फासायचं, मला बसवून फेरी मारायची आणि परत येऊन कुठलं पुसलं गेलं ते बघायचं. खडू लावला, तो हादऱ्यानं झडला. तांदळाचं पीठ लावलं, तर मुंग्या लागल्या. कुंकू लावलं, ते लाल गाडीवर दिसेना. हे मी एवढ्यासाठी सांगतो आहे, की पुतण्याच्या हळदीच्या दिवशी जे झालं ते काकांनी मुद्दाम केलं नव्हतं. माणसाला ध्यास लागला की समोरच्या वाटीत त्याला त्याचंच काम दिसतं.

पुतण्याचं लग्न म्हणजे थोरल्या घरचं कार्य. आमच्या बिल्डिंगच्या समोर, फाटक तेवढं सोडून, गल्लीभर मांडव. मांडवाच्या तोंडाशी डीजेचा ट्रक. पांढरी गाडी आणि पाहुण्यांच्या सगळ्या गाड्या मांडवाच्या मागे कोंडलेल्या. सकाळी वर काकांच्या घरात नवऱ्याला हळद लागली. धवलारीण, म्हणजे लग्नाची जुनी गाणी म्हणून सगळे विधी पार पाडणारी म्हातारी, पाटाशेजारी बसून खणखणीत आवाजात धवले गात होती. आदल्या दिवशीच काकांनी मागे नवीन कडक स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या. घरात लग्न असताना हा माणूस पार्किंगमध्ये गाडीखाली होता. मी दुपारी नाश्त्याच्या प्लेटा आत ठेवायला गेलो तर ते डाव्या चाकाशी उकिडवे बसलेले. हातभर पिवळे.

"काका, हळद कुठली ही?"

"उरलेली," ते आनंदानं म्हणाले. "तेलातली हाय. काय चिकटून बसली बघ! या टायमाला टायरच्या कडेलाच फासली. काल्यावर पिवला, लगेच दिसंल. ही मना आधी कशी नाय सुचली?"

मी कोकणातला. आमच्याकडेही उष्टी हळद असते. नवऱ्याला लावून उरलेली तीच हळद नवरीकडे जाते आणि मगच तिला हळद लागते. "कुठं होती?"

"धवलारनीच्या मागं. वाटीत."

मी काही बोलायच्या आत वर किंकाळी ऐकू आली. मग बायकांचा गलका. मग डीजे बंद झाला, आणि डीजे बंद झाला म्हणजे प्रकरण गंभीर. काकी जिना उतरून खाली आल्या. मागे थोरल्या जाऊबाई, करवल्या, धवलारीण, आणि काय झालंय तेही माहीत नसलेले बरेच लोक. काकींनी काकांच्या हातांकडे बघितलं. मग चाकाकडे.

"अवो," त्या म्हणाल्या, "नवरी कोन हाय? ही?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. थोरल्या जाऊबाई रडायच्या बेतात होत्या. नवरीकडून सारखे फोन येत होते. तिकडे टिटवाळ्याला नवरी पाटावर बसून वाट बघत होती. मुहूर्त टळला तर तिच्याकडचे काय म्हणतील, आणि चाकाला लावलेली हळद पाठवली असं कळलं तर काय म्हणतील, यावर एकाच वेळी दहा जण बोलत होते. शेवटी धवलारणीनं वाटी हातात घेतली, तळाशी उरलेली हळद बघितली आणि म्हणाली, "हलद का पोटभर जेवाची हाय? बोटभर पुरं. पन निगा आता."

निघायचं कशातून? सगळ्या गाड्या मांडवामागे. एक करवली म्हणाली, रिक्षा करू. "उष्टी हलद रिक्षातून?" थोरल्या जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. आणि मग एकेक करत सगळ्यांची नजर फाटकाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या लाल गाडीकडे गेली. वाटी न्यायचा मान नवऱ्याच्या काकीचा. गाडीत जागा दोघांची. चालवणार एकच माणूस, कारण ती गाडी दुसऱ्या कुणाला चालूच होत नसे.

काका उठून उभे राहिले. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी जीव टाकला तो समोर आला, तर हा बाबा म्हणाला, "नको."

"काय नको?"

"अजून तपासला नाय मी. नवीन स्प्रिंगा हायत. घासंल. सगल्यांसमोर घासंल." त्यांचा आवाज खाली गेला होता. पिवळे हात पुसायला जागा सापडत नव्हती. "तू परत उतरशील."

मला त्या माणसाची त्या वेळी इतकी दया आली की मी खाली बघितलं. काकींनी वाटीवर केळीचं पान झाकलं, पदर खोचला, दार उघडलं आणि डाव्या सीटवर जाऊन बसल्या. लग्नघर अख्खं बघत होतं.

"चला," त्या म्हणाल्या.

गाडी सुरू झाली. फाटकाचा तो उंचवटा सगळ्यांना माहीत होता. मी कान टवकारले. पण डीजेवाल्याला वाटलं विघ्न टळलं, आणि त्यानं नेमकं त्याच क्षणी गाणं लावलं. पुढची चाकं उंचवट्यावरून गेली, मागची गेली. घासलं की नाही काही कळलं नाही. एवढं मात्र दिसलं की काकी बोलत होत्या. मान काकांकडे वळवून, हात हलवून. मला वाटलं, शिव्या देताहेत. हक्कच होता.

परत आले ते संध्याकाळी. काकी तिकडेच पानं वाढायला थांबल्या होत्या, काका एकटे. गाडी लावली आणि तसेच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मी जवळ गेलो.

"घासलं?"

"नाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. असा चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता. "नाय घासला रं. आन घासला असता तरी मना कलला नसता. ती बोलत व्हती. डोंबिवलीपासून टिटवाल्यापर्यंत. एवढी ती जन्मात बोल्ली नाय."

"काय बोलल्या?"

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग सांगितलं. त्या पहिल्या वेळी, रिक्षात, काकी माहेरापर्यंत रडत गेल्या होत्या. घाबरून नव्हे. त्यांनी अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं, मी लाल गाडीतून येणार. मैत्रिणी वेशीवर उभ्या होत्या. त्यांच्यासमोर रिक्षातून उतरावं लागलं. "मना वाटायचा ती भ्याली," काका म्हणाले. "म्हनून रुंद चाकं. तिला तं मिरवाचा व्हता रं. एवढाच. मी कवा विचारलाच नाय." त्यांनी पिवळ्या हातानंच डोळे पुसले आणि हळद डोळ्यांत गेली म्हणून पुन्हा पुसले. मी त्यांच्यासाठी पाणी आणायला वर गेलो, आणि खरं सांगायचं तर माझेही पुसायला.

वाटेत त्यांनी मोहन्याच्या पुढे गाडी हळू केली होती म्हणे. माहेरच्या आळीतून एक फेरी मारली. मैत्रिणी आता कुठल्या कुठे असतील. एका ओट्यावर एक म्हातारी भाजी निवडत बसली होती, तिनं बघितलं. तेवढं पुरलं.

लग्न पार पडलं. कडक स्प्रिंगांनी करून दाखवलं, असं काका भेटेल त्याला सांगू लागले. कानस, पॉलिश पेपर, चकत्या, सगळं गोणपाटात बांधून माळ्यावर गेलं. माझी रविवारची नोकरी सुटली. दोनेक दिवसांनी मी काकींची भांडी परत करायला गेलो. त्या एकट्याच झोपाळ्यावर बसल्या होत्या.

"शेवटी जमलं म्हणायचं काकी," मी म्हटलं. "घासायचं थांबलं."

काकींनी माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबायला पदर तोंडाला लावला. "तू पन भोलाच."

"म्हणजे?"

"फाटकापासून घासत व्हती. कर्रर्र, कर्रर्र. टिटवाल्यापर्यंत."

मी भांडी हातात घेऊन तसाच उभा. "मग तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलतच व्हते की," त्या म्हणाल्या. "ऐकला असता तं गारी थितंच लावून खाली शिरले असते. नवरी पाटावर, आन हे चाकाखाली. म्हनून बोलत रायले. समोर खड्डा दिसला का आवाज मोठा कराचा. खड्डा गेला का जरा दम खायाचा. पत्रीपुलावर तं माजा घसा बसला." मग म्हणाल्या, "तिथं पोचल्यावर पयल्यांदा पानी घेऊन चाकावरची हलद धुतली. नायतं वाकून बघितला असता. त्यांना सांगू नको."

मला हसूही येत होतं आणि आणखी काहीतरी होत होतं. मी विचारलं, विचारायला नको होतं तरी विचारलं, "मग ते मैत्रिणींचं, लाल गाडीचं, रडल्याचं... ते असंच? बोलायचं म्हणून?"

काकींनी झोपाळा पायानं थांबवला.

"खोटा एवढा वेल बोलता येतं का रं?" त्या म्हणाल्या. "बोलाय बसले, सुचंना. सुचंना, मंग जा खरा व्हता ता निघाला."

मला त्या दोघांचा हेवा वाटला. तो अजूनही वाटतो. मी आजवर काकांना काही सांगितलेलं नाही.

आता मी ठाण्यातच राहतो, लॅबच्या जवळ. मध्यंतरी एका दुपारी खोपटच्या सिग्नलला रस्ता ओलांडायला उभा होतो. समोर लाल गाडी थांबली. छप्पर नव्हतंच, त्यामुळे सगळं दिसत होतं. काकी बोलत होत्या, दोन्ही हातांनी, अगदी रंगात येऊन. काकांची मान त्यांच्याकडे. मी हात केला, त्यांनी पाहिलं नाही. सिग्नल हिरवा झाला. डेपोकडे वळणारी एसटी मागून हॉर्न मारायला लागली, तिच्या मागून रिक्षावाले ओरडायला लागले. पुढे ना खड्डा होता ना उंचवटा, आणि गाडी तर जागची हललीही नव्हती. तरी काकी बोलतच होत्या, आणि काका गिअरवरचा हात तसाच ठेवून विचारत होते, "मंग?"